भोसरी सीक्वेन्स: लुकलुकणाऱ्या दिव्यांचं कारण सापडलं

सापडलं एकदाचं! भोसरी एमआयडीसीच्या गच्चीवरच्या टाइमलॅप्स सीक्वेन्समध्ये (मावळतीपासून रात्रीपर्यंत ठराविक अंतराने फोटो काढून जोडलेला व्हिडिओ) आकाश स्थिर, धुराड्याची कड स्थिर, पण शेडच्या पत्र्यावर पडलेला सोडियमचा पिवळा उजेड दर फ्रेमला कमी-जास्त व्हायचा. या फ्लिकरने, म्हणजे लुकलुकीने, जीव खाल्ला होता.

पहिला संशय अर्थातच अपर्चरवर, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या छिद्रावर; त्याची पाती दर फ्रेमला किंचित वेगळी मिटू शकतात. लेन्स ट्विस्ट केला, म्हणजे लेन्स किंचित फिरवून कॅमेऱ्याशी संपर्क तोडला, की पाती हलू नयेत. मग जुनी मॅन्युअल ५० मिमी लावली, तिच्यात पाती हलायचा प्रश्नच नाही. फरक शून्य. एलआरटाइमलॅप्स या सॉफ्टवेअरच्या डीफ्लिकरला (फ्रेम्सचा उजेड सारखा करणारी सोय) संदर्भ म्हणून दिव्यांचा भाग दिला, तर दिवे सावरले आणि आकाश धडधडायला लागलं, कारण दुरुस्ती अख्ख्या फ्रेमला लागते.

शेवटी प्रत्येक फ्रेमचं शटर (ते किती वेळ उघडं होतं) एकाखाली एक मांडलं. १/२५० सेकंदापासून १/१२५ पर्यंत लुकलुक. १/१०० ला गुळगुळीत! १/८० आणि १/६० ला पुन्हा सुरू, १/५० ला परत शांत. अंधार पडून शटर १/१० च्या पुढे लांबलं की कायमची गायब. ती यादी बघताना अंगावर काटा आला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. १/१०० मध्ये बरोबर एक पूर्ण ठोका मावतो. १/२५० मध्ये अर्धाही नाही, मग जो तुकडा हाती लागेल तो. खात्रीसाठी पासोड्या विठोबाजवळून आणलेल्या स्वस्त एलईडीखाली घरची पांढरी भिंत काढली. १/२०० ला भिंतीवर करडे पट्टे, १/२५ ला एकसारखी.

सरळ उपाय सहा स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारी लेन्सपुढची काळी काच: १/२५० चं १/४ होतं, त्यात २५ ठोके बसतात. पण घ्यायचा तर फिक्स्डच घ्या. व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त गडद होणारा) एनडी वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटवतो, आणि स्वस्तातल्या काचेची जांभळट झाक मावळतीच्या लालीत मिसळली की रॅम्पभर (अंधारेल तसं एक्स्पोजर टप्प्याटप्प्याने वाढवतो तेव्हा) व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, जुळत नाही.

थांबा, हे लिहितानाच सुचलं: फिल्टर हवाच कशाला? अपर्चर एफ/८ ऐवजी एफ/१३, म्हणजे आणखी लहान, धरला की शटर आपोआप १/१०० वर येतं. मग रॅम्पमध्ये १/१००, १/५०, १/२५ एवढेच टप्पे, मधलं अंतर आयएसओने (सेन्सरच्या संवेदनशीलतेने) भरायचं. रंगाची झाक नाही, आणि रात्री दोन फ्रेममधल्या ६ सेकंदांच्या इंटरव्हलमध्ये काळ्या काचेशी झगडायला नको. एनडीची ऑर्डर रद्द करतोय.

एफ/१३ ला सेन्सरवरची धूळ मात्र आकाशात ठिपक्यांनी दिसणार, म्हणून आधी सेन्सर साफ करून घेतो. घाई आहे: मार्चच्या या दिवसांत मावळतीचा बिंदू रोज जवळजवळ सूर्याच्या व्यासाएवढा उत्तरेला सरकतो, त्यामुळे धुराड्यामागे सूर्य बरोबर बसणाऱ्या संध्याकाळी मोजक्याच. शुक्रवारी ट्रायपॉड लावतोय. गच्चीवर आणखी दोघांना जागा आहे, यायचं असेल तर पाचच्या आत या.