मालवणात दुपारी सुरमई, घरी रात्री कुळथाची पिठी

कोकणात सहकुटुंब गेलात तर मासळीचं जेवण दुपारीच करा. सकाळी उतरलेली मासळी दुपारी ताजी मिळते, आणि सुरमईची थाळी, तिसऱ्या (शिंपल्या), वर सोलकढी एवढं पचायला संध्याकाळही मिळते. लहान मुलं असतील तर थाळ्या डोकी मोजून मागवू नका. एक थाळी दोघांत आणि वर तळलेली तुकडी वेगळी, असं पुरतं. माशाचं सार तिखट असतं, म्हणून मुलांना तुकडी, भात आणि सोलकढी द्या. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुरमईचा हट्ट नको, ती बहुधा बर्फातलीच असते. खाडीची मासळी आहे का ते विचारा.

परतताना खाजं-लाडू घ्यालच, पण पिशवीत कुळथाचं पीठ आणि आमसुलं हवीतच. आमसूल दाबून बघा: मऊ, जांभळट-काळं असावं. खडखडीत वाळलेलं जुनं असतं. पीठ भाजलेल्या कुळथाचं आहे ना, हे विचारून घ्या. कच्च्या कुळथाचं असेल तर पिठी, म्हणजे या पिठाचं पातळ कालवण, कितीही उकळा, उग्र वास राहतो. तसं पीठ घरी आलंच तर मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडं परता.

प्रवासाहून आल्या रात्री पिठी-भातासारखं दुसरं जेवण नाही. कुकर लावला की पिठी होईपर्यंत भातही होतो.

तिघांना पोह्याचे चार चमचे शिगोशीग पीठ आणि चार वाट्या पाणी. पीठ आधी एक वाटी गार पाण्यात कालवून घ्या. गरम पाण्यात थेट टाकलं की बाहेरून शिजतं, आत कोरडं राहतं, आणि गुठळ्या मग डावानेही मोडत नाहीत. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या. लसूण कडेने बदामी दिसली की लगेच हळद आणि उरलेलं तीन वाट्या पाणी. इथे फोनकडे बघत बसलात तर लसूण करपते आणि सगळी पिठी कडवट होते. पाणी खळखळलं की कालवलेलं पीठ एका हाताने धार धरून ओता, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. आता आच कमी करा, नाहीतर पिठी फसकन उतू जाते. तीन आमसुलं, मीठ, आणि सात-आठ मिनिटं उकळी. आमसुलात मीठ असतंच, म्हणून आधी चव बघा. शेवटी मूठभर ओलं खोबरं, कोथिंबीर.

गॅस बंद करताना पिठी वरणापेक्षा पातळच दिसली पाहिजे. ताटात येईपर्यंत ती आळते. उरलेली सकाळी घट्ट गोळा झाली तर गरम पाणी घालून एक उकळी आणा, गार पाण्याने चव पाणचट होते.

सोबत भाजलेला पापड, सुकी मासळी खायची असेल तर तव्यावर भाजलेला सुका बांगडा. भातावर तूप मात्र पिठीच्या आधी घाला.

उरलेलं पीठ घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलं तर पावसाळ्यात हमखास किडे होतात.