दोराचं दुसरं टोक

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये मी लहान मुलांना पोहायला शिकवते. परीक्षा संपल्या की फोन सुरू होतात आणि ज्यांचं मूल पाण्याला घाबरतं ते पालक हमखास विचारतात, "किती दिवसांत भीती जाईल?" गेल्या वर्षी साडेपाच वर्षांच्या एका मुलाचे बाबा मात्र वेगळंच म्हणाले. "मॅडम, सरळ ढकला त्याला. एकदा नाकातोंडात पाणी गेलं की भीती मोडते."

मुलगा त्यांच्या पाठीमागे उभा होता, शर्टाचं टोक मुठीत घट्ट धरून.

मी विचारलं, "याआधी कुणी ढकललंय का?" ढकललं होतं. आदल्या उन्हाळ्यात एका बॅचमध्ये एका कोचकडे पंधरा-वीस मुलं होती. रडणारा हा एकटा. कोचने उचलून पाण्यात सोडला आणि लगेच बाहेर काढला. जेमतेम दोन सेकंदांचा प्रकार, पण तेव्हापासून घरी डोक्यावरून अंघोळ घालायची म्हटली तरी तो ओरडून घर डोक्यावर घ्यायचा.

सोबत आजोबा आले होते, राजापूरकडचे. इतका वेळ गप्प होते, ते आता मुलाच्या बाबांकडे वळून बोलले. "मलाही माझ्या बापाने विहिरीतच टाकला होता रे. पण पाठीला सुका भोपळा बांधलेला होता आणि कमरेच्या दोराचं दुसरं टोक बापाच्या हातात होतं. ते मला खालून दिसत होतं."

हे वाक्य मी तेव्हापासून कितीतरी पालकांना सांगितलं आहे. 'आम्हाला असंच ढकललं होतं' म्हणणाऱ्यांना ढकलणं आठवतं, भोपळा आणि दोर आठवत नाही. पाण्यात पडलेल्या मुलाला आपल्याला धरणारं कुणीतरी आहे हे माहीत असेल, तर त्याचं डोकं चालतं. माहीत नसेल तर तो फक्त श्वास ओढतो, आणि नेमका तो श्वास पाण्यात घेतला जातो.

सुरुवातीला आम्ही पाण्यात उतरलोच नाही. काठावर बसून पाय सोडले. मी त्याला तलाव दाखवला: पायऱ्या कुठे, दांडा कुठे, तळाची फरशी कुठपर्यंत उथळ आहे, खोल भाग कुठे सुरू होतो. त्याला सगळं माहीत हवं होतं. कुठून बाहेर पडायचं हे तो पुन्हापुन्हा विचारायचा आणि मी दरवेळी पूर्ण उत्तर द्यायचे. त्या प्रश्नांना कंटाळणारा कोच घाबरलेल्या मुलासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी करायला एकच गोष्ट दिली. अंघोळीच्या वेळी पाण्याचा मग त्याच्याच हातात द्यायचा, पाणी त्यानेच स्वतःच्या डोक्यावर ओतायचं, आणि ओतताना तोंड मिटून "म्म्म्" असा आवाज काढायचा. या आवाजाबरोबर हवा नाकातून बाहेर येत राहते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. नाक दाबायची गरज उरत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. आई सांगायची, आधी खांद्यावर ओतायचा, मग मानेवर. डोक्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. लागू दे.

दंडावरचे हवेचे फुगे त्याच्या आईने हौसेने आणले होते, ते मी परत न्यायला लावले. फुग्यांमुळे मूल पाण्यात उभं लटकतं आणि तीच सवय लागते. पोहायला तर शरीर आडवं व्हावं लागतं. शिवाय 'मी तरंगतो' असा खोटा विश्वास येतो आणि एखाद्या दिवशी ते फुगे न घालताच मूल पाण्यात उतरतं. थंडीच्या सकाळची बॅचही मी त्यांना घेऊ दिली नाही. लहान शरीरातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते आणि कुडकुडणारं मूल काही शिकत नाही. दुपारी ऊन तलावावर असताना, अर्धा तास पुरे.

पाण्यात उतरल्यावर पोहण्याच्या आधी मी एक गोष्ट शिकवली: वळायचं आणि काठ धरायचा. पायरीवरून पुढे उडी माझ्याकडे, लगेच वळ, काठ पकड. पुन्हा. बाबा कडेला उभे राहून विचारायचे, "हात मारायला कधी शिकवणार?" मी म्हणायचे, "हे आलं की."

एका रविवारी संध्याकाळी तलावात गर्दी होती. मोठ्या मुलांपैकी एकाने आमच्या जवळच धप्पकन उडी मारली. लाट आली, पायरीवरून याचा पाय सटकला आणि डोकं पाण्याखाली गेलं. आवाज अजिबात झाला नाही. बुडणारं मूल हाका मारत नाही, म्हणूनच मुलं पाण्यात असताना मी कुणाकडे पाठ करत नाही, फोन घेत नाही. मी हाताच्या अंतरावर होते आणि माझा हात पोहोचलाही होता. पण त्याआधीच तो पाण्यात वळला होता. दोन्ही हातांनी काठ धरून वर आला, खोकला, मग मोठ्याने रडला.

बाबा धावत आले. "लगेच परत उतरवा, नाहीतर भीती बसेल." मी नाही म्हटलं. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून आजोबांच्या मांडीवर दिला आणि त्याच्यासमोर बसून काय झालं ते क्रमाने सांगितलं. दादाने उडी मारली, लाट आली, पाय सटकला, तू वळलास, तू काठ धरलास. शेवटची दोन वाक्यं त्याने मला पुन्हा म्हणायला लावली. त्या दिवशी तो पाण्यात उतरला नाही. आजोबांचे डोळे भरले होते, माझेही.

पुढच्या वेळी आला तेव्हा त्याने आधी विचारलं, "तो दादा आज आहे का?" नव्हता. मग माझा हात न धरता पायऱ्या उतरला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून दगावली आणि त्यांत जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा होता. आपल्याकडे तर दर पावसाळ्यात ओढ्याधबधब्यांवरच्या बातम्या येतात. म्हणून 'घाबरतो ना, राहू दे मग' असंही मी कुणाला सांगत नाही. मुलाला शिकवाच. फक्त क्लास लावण्याआधी एकदा काठावर बसून बघा: एका कोचकडे मुलं किती, तो स्वतः पाण्यात उतरतो का, आणि एखादं मूल रडलं की तो काय करतो. फी, तलावाचा आकार हे सगळं नंतर.

तो आता फळी धरून उथळ भागात पाय मारत जातो. उताणं तरंगताना कान पाण्यात गेले की अजून दचकून उठतो. सध्या माझा तळवा त्याच्या डोक्याखाली असतो, आणि काढायच्या आधी मी त्याला विचारते.