वांग्याची गाय

१६ ऑगस्ट, सैतामा, जपान

ओबोन, म्हणजे इथला पितरांचा सण, आज संपलं. संध्याकाळी शेजारच्या आजींनी दारात मातीच्या ताटलीत ओगाराच्या वाळक्या काड्या पेटवल्या, हात जोडले आणि मला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनाही निरोप द्या." मी हात जोडले खरे, पण तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. इथे बाबांना बोलवायचा, वाटेला लावायचा माझा काय हक्क?

१३ तारखेला मी नुसती बघायला गेले होते. काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा, तशीच वांग्याची गाय. गेलेली माणसं घोड्यावरून लवकर घरी यावीत आणि परतताना गाईवरून सावकाश जावीत, म्हणून. पुढ्यात अळूच्या पानावर काकडी-वांग्याचे बारीक तुकडे नि धुतलेले तांदूळ. ते पान बघून मला भरून आलं. आजींनी विचारलं, बाबांना काय आवडायचं? चहा, म्हटलं. त्यांनी लगेच आपल्या गेलेल्या यजमानांच्या पेल्याशेजारी चहाचा कप ठेवला.

घरी हे मला कुणी विचारलं नव्हतं. श्राद्ध दादा करतो, मनापासून करतो. मी व्हिडिओ कॉलवर. कावळ्याने घास घेतला की तो फोन तिकडे वळवतो, तोवर कावळा उडालेला असतो. शेवटी मला पोचता आलं नाही, ते तर... आज नको.

पण हे पितर आजींचे, रीतही त्यांची. मग तो कप बघून इतकं बरं का वाटलं?

ओबोनच्या मुळाशी बुद्धांचा शिष्य मौद्गल्यायन याची कथा आहे. त्याला गेलेली आई प्रेतयोनीत उपाशी दिसली. त्याने दिलेला घास तोंडाशी नेताच त्याचे निखारे झाले. बुद्धांनी सांगितलं, वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपताना त्यांना जेवू घाल. म्हणजे त्यालाही आईपर्यंत घास पोचवायला दुसऱ्यांचे हात लागलेच. रात्री हे आठवलं आणि जरा हलकं वाटलं.

बाबा गाडी सुटायच्या तासभर आधी फलाटावर हजर असायचे. घोडा त्यांना आवडला असता. गाईवर मात्र सारखं घड्याळ बघितलं असतं.

हक्काचं अजून उमगलेलं नाही. भाद्रपदात दादाला सांगणार आहे, यंदा पानाशेजारी चहा ठेव. आणि पुढच्या वर्षी आजींना विचारीन, घोडा मी करू का?