देवबागचा संगम, निवतीचा कडा आणि भुलगा : नाशिकहून जाणाऱ्यांसाठी

नाशिकच्या एका सहल कंपनीच्या पत्रकावर मालवणच्या 'पॉर्पॉइज सफारी'साठी जो फोटो छापलाय, तो हार्बर पॉर्पॉइजचा आहे. पॉर्पॉइज म्हणजे डॉल्फिनसारखाच, पण बिनचोचीचा छोटा समुद्री सस्तन प्राणी. पाठीवर छोटा तिकोनी पर, त्यावरून लगेच कळतं. हा प्राणी उत्तर गोलार्धातल्या थंड पाण्याचा. उत्तर समुद्रातला डॉगर बँकचा उथळ पट्टा हे त्याचं चरायचं रान. अरबी समुद्रात तो नाहीच, तेव्हा त्या फोटोच्या भरवशावर पैसे भरू नका. आपल्याकडे असतो तो त्याचा भाऊबंद, बिनपराचा पॉर्पॉइज. जुन्या पुस्तकांत त्याचं मराठी नाव भुलगा.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नाशिक रोडवरून कोकण रेल्वेची गाडी धरा, कुडाळला उतरा. तारकर्लीचा किनारा, सिंधुदुर्ग किल्ला छानच आहेत, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

खरा मुद्दा बोटीचा. माणशी दराची फेरी घेऊ नका. ती पाऊण-एक तासाची असते, वेळ संपायच्या आत काहीतरी दाखवायचं म्हणून चार-पाच बोटी एकाच कळपामागे पळतात. दिसतात ते बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन : लांब चोच, पाठीवर मदार, मदारीवर पर. भुलगा इंजिनाच्या आवाजाला बुजतो. तो बोटीपुढे खेळत नाही, उड्या मारत नाही. अख्खी बोट तीन तासांसाठी ठरवा आणि आधीच बोलून घ्या : देवबागच्या संगमाबाहेर, म्हणजे कर्ली नदीच्या तोंडाबाहेर, गेल्यावर इंजिन बंद, दिसला तरी ५० मीटरच्या आत जायचं नाही, समोरून आडवं घालायचं नाही. याला 'हो, बघू' म्हणणारा नको. 'पॉइंट' दाखवण्याच्या नावाखाली वरचे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. त्या पॉइंटवर भुलग्याचं काही काम नसतं.

हा हट्ट का, तेही सांगतो. पॉर्पॉइज अंगानं लहान, त्यामुळे चरबीचा साठा थोडा आणि खाणं जवळजवळ अखंड. डेन्मार्कमध्ये हार्बर पॉर्पॉइजच्या अंगावर यंत्रं चिकटवून केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तासाला ५५० पर्यंत लहान मासे धरताना ते आढळले. भुलग्याचीही अंगलट तशीच छोटी, खाणं कोळंबी, माकुल, लहान मासळी. अर्धा तास त्याच्यामागे बोट पळवली की त्याचा तेवढा घास गेला.

आता संगमाचं तोंड. सगळ्या सहलीत वाईट पट्टा हाच, आणि हाच कुणी सांगत नाही. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येतं, दुपारी पश्चिमेचा वारा त्याच्या उलट सुटतो, आणि दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. पाणी कमी असेल तर बोटीचा तळ आपटतो. म्हणून तिथी बघून जा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते : अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. या दिवसांत भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. सातला बाहेर पडा. भरती उतरायला लागली की खाडीतली मासळी तोंडाशी येते, आणि साडेनऊला परतताना दांड्यावर पाणी शिल्लक असतं. चतुर्थी-पंचमी टाळा. त्या दिवशी नऊ-पावणेदहाला पुरती ओहोटी, म्हणजे परतीच्या वेळीच दांडा उघडा. लाइफ जॅकेट खुर्चीखाली ठेवायचं नाही, बंद बांधून घालायचं. उलटीची गोळी तासभर आधी.

दुर्बीण ८×४२ पुरे, १० पटीची बोटीवर हलते. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला नेता तो स्कोप (एका डोळ्याची मोठी दुर्बीण) आणि ट्रायपॉड बोटीत निरुपयोगी. पण घरी ठेवू नका, कारण माझ्या मते सगळ्यात चांगली जागा बोटीत नाहीच.

ती जागा म्हणजे निवतीचा किल्ला. परुळ्यावरून जा, चढ थोडाच आहे. खाली भोगव्याचा किनारा, समोर मोकळा समुद्र. सकाळी ऊन पाठीशी असतं. दुपारनंतर पाणी डोळ्यांवर चकाकतं, तेव्हा जाऊन उपयोग नाही. पाणी काचेसारखं हवं, पांढरे फेस दिसले की परत फिरा. स्कोप एका पट्ट्यावर लावा आणि सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. सुरय आणि कुरव हे समुद्रपक्षी एका जागी खाली झेपावत असतील तिथे थांबा. भुलगा असा दिसतो : करडी, ओली, गोल पाठ, सायकलची भिजलेली ट्यूब पाण्यातून एकदा फिरावी तशी. पर नाही, शिंतोडे नाहीत. दोन-तीनदा वर येतो आणि गायब. बहुतेकदा एकटा, फार तर दोघं-तिघं. तो दिसल्याचा आनंद शब्दांत नीट सांगता येत नाही. कुणाच्या मागे न धावता दिसलेला असतो तो.

ऑक्टोबर ते मार्च जा. पावसाळ्यात पर्यटकांच्या बोटी बंद असतात.

सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे दोरांनी किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोरावरून पाय टाकू नका, विचारून हात लावा. कोणत्या पाण्यात काय फिरतंय हे त्या मंडळींइतकं कुणाला ठाऊक नसतं. आणि किनाऱ्यावर मेलेला भुलगा दिसला, तर हात न लावता पूर्ण अंगाचा, शेपटीचा आणि जाळ्याच्या वळांचा फोटो काढा, शेजारी चप्पल ठेवा म्हणजे माप कळेल, आणि वनविभागाच्या १९२६ वर कळवा. हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे आणि त्याचा मोठा शत्रू गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं लावलेलं जाळं, आहे, म्हणून त्या वळांचा फोटो चुकवू नका.