आमची वाटचाल : खाणीतल्या अँटेनापासून ड्रोनच्या शोधापर्यंत

ड्रोनविरोधी यंत्रणा म्हटली की लोकांच्या डोळ्यासमोर बंदुकीच्या आकाराचा जॅमर, म्हणजे ड्रोनचा रेडिओ बंद पाडणारं यंत्र, येतो, नाहीतर रॉकेट. अँटेना कोणाला आठवत नाही. आम्ही अँटेना बनवतो, नागपूरला हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये, डिझाइनपासून शेवटच्या कनेक्टरपर्यंत सगळं स्वतः. ड्रोन आणि तो उडवणारा यांच्यात जो रेडिओ संवाद चालतो, तो आधी पकडता आला तरच पुढचा जॅमर कामाचा. आज हे प्रदर्शनात सांगितलं की साहेब लोक मान डोलावतात. सुरुवातीला सांगत होतो तेव्हा बँकेचे मॅनेजर म्हणाले होते, "लग्नाच्या शूटिंगच्या ड्रोनला कोण भिऊन राहिलं भाऊ?"

आमचा मूळ धंदा टीव्हीच्या अँटेना आणि बूस्टरचा. माल सीताबर्डीच्या दुकानांत जायचा. घरोघरी डिश आल्या आणि तो धंदा संपला. मग उमरेडकडच्या कोळसा खाणींत डंपर चालवणाऱ्या एका कंत्राटदारांनी बोलावलं. त्यांच्या डंपरवरच्या व्हीएचएफ (वायरलेस सेटच्या) अँटेना महिन्याभरात बुडापासून तुटत. आम्ही रॉडला हात लावला नाही, बूड बदललं : जाड पितळी बेस, खाली रबराची गादी, स्प्रिंग कडक. त्या टिकल्या. तेव्हापासून त्या भाऊंनी दुसऱ्याकडे चौकशी केलेली नाही. बिल टाकलं की पैसे यायचे, आठवण करून द्यावी लागत नसे. मधली वर्षं त्यांच्याच कामावर बरी गेली.

ड्रोनकडे वळवलं ते आमच्या भागीदारांनी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. वायुसेनेत रेडिओ तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले आणि नागपुरातच राहिले. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या बातम्यांवरून सुमारे हजार उड्डाणं विस्कळीत झाली. काका तो पेपर घेऊन शेडवर आले आणि म्हणाले, "हे आपल्याकडे येणार. आपण ऐकायचं काम शिकून घेऊ." त्यांनी फंडाच्या पैशातून एक जुना, अँटेना मोजणारा व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर आणला. तो अजून आमच्या बाकावर आहे आणि त्याची कॅलिब्रेशन किट काका कोणाला उघडू देत नाहीत. ओपन, शॉर्ट, लोड हे किटमधले तीन ठरलेले तुकडे जोडून यंत्र जुळवून घेतल्याशिवाय वाचलेला आकडा आमच्याकडे वहीत चढत नाही. एसएमए कनेक्टर (केबलचा छोटा आट्याचा जोड) ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क रेंचने आवळायचा, पक्कड लावायची नाही. नवीन पोरांना पहिले काही आठवडे एवढंच काम असतं. त्यांना कंटाळा येतो, पण सैल कनेक्टरमुळे दिशा चुकते आणि आमच्या कामात चुकलेली दिशा म्हणजे भलत्याच घराकडे धावलेली जीप.

ड्रोनचे रेडिओ ज्या लहरींच्या पट्ट्यांत चालतात ते असे : २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्‌झ, त्याखाली ४३३ आणि ९०० च्या आसपासचे मेगाहर्ट्‌झ. एकाच लॉग-पिरिऑडिकमध्ये (लहानमोठ्या दांड्यांच्या रुंद पट्ट्याच्या अँटेनात) सगळे बसवायचे तर रिटर्न लॉस, म्हणजे अँटेनातून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, कुठेतरी ढासळतो. बाजारात उणे दहा डीबी आलं की पास म्हणतात. उणे दहा म्हणजे दहा टक्के शक्ती परत फिरली. आम्ही वापराच्या पट्ट्यांत उणे पंधराच्या वर माल सोडत नाही. शिवाय आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. साध्या प्लास्टिकचं कव्हर गच्चीवर वाकतं आणि आतल्या अँटेनाचा पट्टा सरकतो. म्हणून आम्ही फायबरग्लासवर गेलो, महाग पडतं तरी.

२७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनमधून स्फोटकं पडली आणि आमचे फोन वाजायला लागले. त्यातला एक फोन एका मोठ्या कंपनीचा होता. दुसऱ्या राज्यातली कंपनी, नाव लिहीत नाही. त्यांना दिशाशोधक संचासाठी अँटेना हव्या होत्या. नमुने पास झाले, खरेदी आदेश आला. आम्ही कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेतली, अँटेनाच्या सर्किटसाठी रॉजर्सचं लॅमिनेट (तांब्याचा थर असलेला पत्रा) आणलं, ब्रॅकेटचे साचे केले. मधल्या काळात त्यांचा स्थानिक पुरवठादार म्हणून नागपुरातलाच एक व्यापारी शेडवर येऊ लागला. चहा घ्यायचा, माल पकडून धरणाऱ्या आमच्या साच्यांचे, फिक्स्चरचे फोटो काढायचा. कंपनीचाच माणूस, म्हणून आम्ही कधी अडवलं नाही.

अर्धा माल गेला आणि पैसे थांबले. आधी म्हणाले ट्रायल बाकी आहे, मग म्हणाले साहेब बदलले. नंतर फोन उचलणं बंद झालं. बँकेचं व्याज काही थांबलं नाही. पगार दोन हप्त्यांत दिले, मिलिंग मशीन विकायला काढली.

त्याच सुमारास एका संरक्षण प्रदर्शनात मी त्यांचा संच पाहिला. अँटेना आमची नव्हती, पण आमचीच होती. आमच्या ब्रॅकेटला डाव्या कोपऱ्यात एक भोक असतं. संचात त्याचा काही उपयोग नाही. भाग जागेवर धरणाऱ्या आमच्या साच्याची, जिगची पिन अडकवायला ते पाडतो. त्यांच्या ब्रॅकेटलाही डाव्या कोपऱ्यात तेच भोक होतं. ज्याच्याकडे आमची जिग नाही त्याला ते भोक कशाला लागेल? मी त्यांच्या इंजिनिअरला हेच विचारलं. तो म्हणाला, ड्रॉइंगमध्ये आहे. ड्रॉइंग कोणाचं, यावर तो गप्प. पुढे कळलं की तोच व्यापारी आता अँटेना पुरवतो आणि आतले रिसीव्हर मॉड्यूल चीनमधून आणून वर स्वदेशीचं लेबल लावतो. चिनी सुट्या भागांच्या कारणावरून संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ४०० मालवाहू ड्रोनची कंत्राटं रद्द केली, तेव्हा मला वाटलं आता हे लोकही सापडतील. त्याचा धंदा चालू आहे.

मशीन विकायची बातमी उमरेडला गेली. भाऊ स्वतः गाडी काढून आले. "काहून इकतं बाप्पा मशीन? पुढच्या वर्षाच्या मालाचे पैसे आजच घे, माल जमन तसा दे." कागद मागितला नाही. त्या पैशांवर शेड उभी राहिली. आज आमच्याकडे कितीही मोठी ऑर्डर असो, डंपरची अँटेना आधी निघते.

मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरने बाजारच पालटला. ८ मेच्या रात्री ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन आल्याचं सरकारने सांगितलं आणि शहराशहरांतून चौकशा सुरू झाल्या. १३ मेला ओडिशात गोपाळपूरच्या रेंजवर नागपूरच्या सोलर समूहाच्या ‘भार्गवास्त्र’ची चाचणी झाली. ड्रोनच्या थव्यावर छोटी रॉकेटं सोडणारी ही यंत्रणा आपल्या गावची. आमचा तिच्याशी व्यवहार नाही, तरी त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले.

या बाजारात नवीन येणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. जॅमरच्या मागे धावू नका. तो खासगी माणसाला विकणं बेकायदा आहे. आमच्याकडे फार्महाऊसवाले येतात, त्यांना परत पाठवतो. चाचणीसाठी ड्रोन उडवायचा तर आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा बघा. विमानतळाभोवतीचा रेड झोन मोठा आहे, आम्ही काटोलकडे एका संत्र्याच्या बागेत जातो. आणि फक्त रेडिओ ऐकण्यावर धंदा उभा करू नका. युक्रेनच्या युद्धात फायबरच्या तारेवर उडणारे ड्रोन आले, ते रेडिओ सोडतच नाहीत. त्यांना जॅमर लागू नाही, आमची अँटेनाही त्यांना पकडत नाही. त्यासाठी रडार, कॅमेरा, आवाज असं सगळं जोडावं लागतं. काका सध्या छोट्या रडारसाठी चपट्या अँटेनांच्या रांगेवर, म्हणजे पॅच अ‍ॅरेवर बसलेत. पहिल्या नमुन्याचा मुख्य बीम नीट आहे, बाजूचे लोब (नको त्या दिशेला जाणारी शक्ती) अजून जास्त आहेत.

आणखी एक. सूक्ष्म नि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवा, चलानची पोच सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि मोठ्या नावाला लाजून थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायचं टाळू नका. आम्ही टाकली आहे. मुद्दलाचा काही भाग गेल्या दिवाळीआधी जमा झाला. उरलेलं मुद्दल आणि सगळं व्याज यायचं आहे, आणि ते सोडायचं नाही असं काकांनी नि मी ठरवलं आहे.