रोखीच्या गिऱ्हाईकाला कोण विचारतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारणारे तुम्ही पहिले नाही. परवा गच्चीवर पापड वाळत घालताना चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. त्याआधी भाच्याच्या मुंजीत, पंगतीत शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी. शब्द इकडचे तिकडे, प्रश्न तोच: "रासायनिक अस्त्रं नष्ट करायची तर भट्टी लागते, इंजिनिअर लागतात. तिथे मास्तरीण कशाला?"

संस्थेचं नाव ओपीसीडब्ल्यू. मराठीत 'रासायनिक अस्त्र प्रतिबंधक संघटना'. हे वाचून होईपर्यंत माणूस पान उलटतो. मुख्यालय नेदरलँड्समध्ये, हेगला. हेग म्हटलं की मुंबईत पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "कुलभूषण जाधवांची केस चालली ते ना?" नाही हो, ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. आमची इमारत वेगळी. संस्थेला शांततेचं नोबेल मिळालं ते २०१३ साली, माझ्या आधी. त्यात माझा काडीचाही वाटा नाही, हे आईला अजून पटलेलं नाही. तिथे शिक्षण आणि लोकसंपर्काचं काम माझ्याकडे होतं. त्याआधी मी इथेच एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. परत आले तेव्हा "काढलं का?" असंही हळूच विचारून झालं. तिथला नियमच आहे, बहुतेकांना सात वर्षांच्या वर ठेवत नाहीत. सात झाली, सामान बांधलं.

आता भट्टीचं. रासायनिक अस्त्रबंदीचा करार अमलात आला २९ एप्रिल १९९७ला, आज त्यात १९३ देश आहेत. या देशांनी मिळून जाहीर केलेला साठा ७२,३०४ टनांचा. भारतानेही आपल्याकडे साठा असल्याचं १९९७मध्ये सांगितलं आणि २००९मध्ये तो संपवला. हे सांगितलं की मुंबईत लोक चमकतात, "आपल्याकडे होता?" होता. रशियाचा संपला २०१७ला, आणि सगळ्यात शेवटी अमेरिकेचा. ७ जुलै २०२३, केंटकी, सारीन हे मज्जासंस्थेवरचं विष भरलेलं रॉकेट. त्या दिवशी मला पेढे वाटायची फार इच्छा झाली होती. हेगमध्ये पेढे कुठले, पाकातल्या डच वेफर्सवर भागवलं.

म्हणजे जाहीर केलेला साठा संपला. मग पुढे काय? माझं काम तिथून सुरू होतं. खरं तर फार आधीच सुरू व्हायला हवं होतं, पण २०१५मध्ये कुठे सदस्य देशांनी शिक्षणासाठी वेगळं सल्लागार मंडळ नेमायचं ठरवलं. मंडळाच्या बैठकांबद्दल लिहीत नाही. बैठका त्या बैठकाच.

वर्गात गेले की मी पहिल्या बाकावरच्या मुलाचं बॉलपेन मागून घ्यायचे. टोपण काढायचं, कागदावर एक रेघ ओढायची. त्या शाईत थायोडायग्लायकॉल असू शकतं. शाईसाठी, कापड रंगवण्यासाठी ते वापरतात. आणि मस्टर्ड वायूचा, म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या युद्धातल्या विषाचा, कच्चा मालही तेच, म्हणून कराराला जोडलेल्या रसायनांच्या तीन याद्यांपैकी, म्हणजे परिशिष्टांपैकी, दुसऱ्यात त्याचं नाव आहे. शाम्पू आणि क्रीममध्ये असणारं ट्रायइथेनॉलअमाइन तिसऱ्या परिशिष्टात. फॉस्जीनही तिसऱ्यातच. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने मेलेले बहुतेक त्याचे बळी, आणि आज कीटकनाशकांपासून पारदर्शक प्लास्टिकपर्यंत शेकडो गोष्टी त्यावाचून अडतात. पहिल्या परिशिष्टात असलेल्या नायट्रोजन मस्टर्डपासून केमोथेरपीची सुरुवात झाली. माझ्या मामीला परळला टाटामध्ये सायक्लोफॉस्फामाइड चढवत होते. ते त्याच घराण्यातलं. मी तिला तेव्हा काही बोलले नाही. बरी झाल्यावर सांगितलं तर म्हणाली, "तरीच केस गेले."

तर बंदी घालणार कशावर? पेनावर? केमोवर? करार लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी व्याख्याच अशी केली की विषारी पदार्थ अस्त्र ठरतो तो हेतूमुळे. नाव यादीत असो वा नसो. क्लोरीन कुठल्याच परिशिष्टात नाही. ते नळाच्या पाण्यात लागतं. पण माणसं मारायला सोडलं तर तेही रासायनिक अस्त्र. साठा मोजता येतो, हेतू कसा मोजणार? तो कुठल्या गोदामात सापडत नाही. इन्स्पेक्टर कारखान्याची टाकी बघतो. टाकीवाल्याच्या मनात काय आहे ते बघायला मास्तरीणच पाठवावी लागते. काकूंना मी हे एवढंच उत्तर देते, आणि त्या म्हणतात, "म्हणजे संस्कार." मला तो शब्द फारसा आवडत नाही. माझं शिक्षण पुष्कळच व्यवहारी आहे. पण पापड वाळवताना वाद घालत नाही मी.

शिकवायचं कसं, हे मात्र मी दादरच्या देवळातल्या कीर्तनातून उचललं. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे निरूपण, मग बुक्का लावून उत्तररंग, म्हणजे आख्यान. हेगमधल्या मंडळींचं सगळं पूर्वरंगच. कलम एक, कलम दोन, कलम सहा. आख्यान येईतो श्रोते मोबाइलमध्ये. मी उलटं केलं, आधी आख्यान. फ्रिट्झ हाबर. हवेतला नायट्रोजन पकडून अमोनिया करायची रीत याची, त्यासाठी १९१८चं नोबेल. चेंबूरला आरसीएफमध्ये अमोनिया होतो तो त्याच रीतीने, त्याचाच युरिया होऊन भाताच्या खाचरात जातो. आणि हाच माणूस एप्रिल १९१५मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर क्लोरीनची नळकांडी मांडून घ्यायला जातीने हजर. २२ तारखेला वायू सोडला. चारच दिवसांनी ब्रिटिश हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनचे आपले शिपाई त्याच भागात लढत होते. जमादार मीर दस्त यांना तिथल्या २६ एप्रिलच्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि वायूची बाधाही तिथेच झाली. एवढं झालं की वर्ग माझ्या हातात. मग कलम दोन सांगा, ऐकतात.

मुंबईत याला आणखी एक आख्यान जोडते, घरचंच. आईने एकदा मोरी चकाचक करायची म्हणून आधी ब्लिचिंग पावडर टाकली आणि डाग जाईनात म्हणून वरून ॲसिड ओतलं. दार लावलेलं, खिडकी म्हणजे टीचभर झडप. मी बाहेरून वास ओळखला, तिला दंडाला धरून ओढून काढलं. दोन दिवस खोकत होती. ते क्लोरीन होतं. ईप्रचं तेच, प्रमाण तेवढं मोरीपुरतं. हे सांगितलं की वर्गात निम्मे हात वर येतात, "आमच्याकडेही झालंय." तिथून गोष्ट परकी राहत नाही.

चुकाही केल्या. सुरुवातीला एक पोस्टर केलं होतं, गॅस मास्क, कवटी, पिवळा धूर. एका कॉलेजात लावलं तर मुलं त्याच्यापुढे उभी राहून सेल्फी काढायला लागली. एकाने विचारलं, "मॅम, हा मास्क मिळतो कुठे?" भीती दाखवली की मुलांना ती गोष्ट भारी वाटते, हे मला कळायला हवं होतं, अकरावीच्या पोरांना मी इतकी वर्षं शिकवलं होतं. पोस्टर गुंडाळलं. पेन जास्त चाललं.

आणि मग वडगादी. मस्जिद बंदरला उतरून हातगाड्या चुकवत गेलं की रंग-रसायनांची ती बाजारपेठ लागते. निळे ड्रम, गोण्या, दाराशी वजनकाटा. सुट्टीवर आले होते तेव्हा ओळखीने एका जुन्या व्यापाऱ्यांकडे गेले. मोठ्या कारखान्यांचं सगळं बांधलेलं असतं. तिसऱ्या परिशिष्टातलं रसायन वर्षाला ३० टनांच्या वर बनवलं तर जाहीर करावं लागतं, निर्यात करायची तर स्कोमेट, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची सरकारी यादी, आणि डीजीएफटीचे, म्हणजे परदेशी व्यापार खात्याचे, नियम. मुंबईत ऑफिस असलेली इंडियन केमिकल कौन्सिल कंपन्यांना हे फॉर्म भरायला मदत करते. २०२४चा ओपीसीडब्ल्यू-हेग पुरस्कार तिला मिळाला तो अशाच कामासाठी. पण एक कॅन, दोन कॅन नेणाऱ्याचं काय?

मी शेटना कॉलेजात खेळायला देते तोच खेळ दिला. "समजा, अनोळखी माणूस आला. नावानिशी रसायन मागतोय, रोख देतोय, भाव करत नाही, पावती नको म्हणतो, माल राहत्या घरी पाठवा म्हणतो. तुम्ही काय विचाराल?"

शेट हसले. "बाई, उधारीवाल्याला आम्ही सात पिढ्या विचारतो. धंदा काय, गाळा कुठे, ओळख कुणाची. रोखीच्या गिऱ्हाईकाला कोण विचारतं?"

सात वर्षांत ऐकलेलं सगळ्यात खरं वाक्य ते. हेगला परत गेल्यावर मी ते इंग्रजीत सांगून बघितलं. माना डोलल्या, पण मजा गेली. उधारी हा शब्दच तिथे पोचत नाही. चौकशी करायची अक्कल बाजाराला आहेच, पिढ्यान् पिढ्यांची आहे. ती आपले पैसे बुडू नयेत म्हणून वापरतात. तोच प्रश्न दुसऱ्या कारणासाठी विचारायचा, एवढंच शिकवायचं राहिलंय. नवीन काही नाही. मी शेटना म्हटलं, वहीत एक रकाना वाढवा, 'कशासाठी'. नुसतं विचारा आणि लिहा. अडवू नका, पोलिसगिरी करू नका. कुणी उत्तर टाळलं तर माल देण्याआधी फोन करा, कुणाला करायचा ते लिहून ठेवलं.

परत आल्यावर, गेल्या दिवाळीनंतर, पुन्हा गेले. वही काढून दाखवली त्यांनी. खरंच रकाना होता, शाईच्या पेनाने आखलेला. साबण. साबण. रंग. प्लेटिंग. साबण. मध्ये एका ओळीत नुसती आडवी रेघ.

"हा कोण?"

"विचारलं कशासाठी, तर म्हणाला तुम्हाला काय करायचंय."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं सांगा, लिहायचंय मला. फोन आला म्हणून बाहेर गेला तो परत आलाच नाही."

"मला फोन का नाही केलात?"

"अहो, माल घेतलाच नाही त्याने, फोन काय करू?" मग काट्याकडे बघत म्हणाले, "पलीकडच्या गल्लीतून घेतला असेल." आणि पोऱ्याला दोन कटिंग आणायला सांगितले.

पलीकडच्या गल्लीत माझी कुणाशी ओळख नाही. तुमची असेल तर कळवा.