आमची वाटचाल : बाबांचा लाखेचा डबा

धुळ्यातलं आमचं दुकान बाबांच्या एका पत्र्याच्या डब्यातून सुरू झालं. चपडा लाख (पॉलिशसाठीच्या लाखेच्या पातळ पापड्या), ती विरघळवायला स्पिरिट, कापसाचा बोळा आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमलचं फडकं. बाबा पॉलिशवाले. अकरा वर्षांपूर्वी मी दुकान हाती घेतलं तेव्हा मागणी मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) या कृत्रिम पॉलिशांचीच होती. जुनं सामान आलं की मी आधी पॉलिश खरवडून काढायचे.

ते थांबलं एका सागवानी पलंगामुळे. शिरपूरकडच्या एक आजी घेऊन आल्या होत्या. "हाऊ पलंग मनी मायना शे," (हा पलंग माझ्या आईचा आहे) एवढंच अहिराणीत म्हणाल्या. बाबांनी पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब लावला. थोड्या वेळात तिथलं पॉलिश चिकट झालं, म्हणजे लाखच. लाख वाळून कितीही वर्षं झाली तरी स्पिरिटने बहुधा पुन्हा विरघळते, त्यामुळे नवा हात जुन्या थरात मुरतो, त्याचा वेगळा पापुद्रा होत नाही. मग खरवडायचं कशाला?

लिटरभर स्पिरिटमध्ये दीडशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळला. पलंग पुसून ३२० नंबरचा बारीक पॉलिश पेपर हलकाच फिरवला. बोळ्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब, म्हणजे तो अडकत नाही. मग लाकडाच्या रेघांच्या दिशेने पातळ पातळ हात दिले. चार दिवस लागले. पलंगाचा जुना मधासारखा रंग तसाच राहिला.

पुढे मी एकटीने केलेलं पहिलं कपाट मात्र बिघडलं. आषाढातली रिपरिप होती. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पॉलिश पांढुरकं होतं. स्पिरिटचा किंचित ओला बोळा फिरवून ते निघालं, पण गिऱ्हाईक आधीच नाराज झालं होतं. आता पावसाळ्यात आम्ही फक्त सांधे आणि मोडतोड दुरुस्त करतो. उन्हाळ्यात पारा ४३ वर गेला की स्पिरिट बोळ्यातच सुकतं, म्हणून काम सकाळी दहाच्या आत.

जेवणाच्या टेबलाला लाख नको, हे मी स्पष्ट सांगते. गरम भांडं आणि सांडलेलं पाणी तिला सोसत नाही. भिजवलेल्या लाखेच्या बाटलीवर तारीख लिहितो. सहा महिन्यांनी ती टाकून देतो, कारण जुनी झालेली लाख नीट वाळत नाही.

सध्या अमळनेरहून एक देवघर आलंय, समईच्या काजळीने काळवंडलेलं. मागच्या कोपऱ्यात थेंब लावून पाहिला. लाखच आहे.